रोज्याच्या महिन्यात शाळेचं वेळापत्रक

सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

सुरुवात घड्याळापासून करू, कारण या महिन्यात वर्गात ज्या अडचणी दिसतात त्यांचं मूळ पोटात कमी आणि घड्याळात जास्त असतं.

२०२७ चा रमजान ८ किंवा ९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. चंद्र कधी दिसतो त्यावर एखादा दिवस पुढेमागे होईल. त्या आठवड्यात नाशिकला सहेरीची, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाची, वेळ पहाटे ५.५० च्या आसपास संपते आणि सूर्य ६.३० च्या सुमारास मावळतो. महिना संपताना, म्हणजे ९-१० मार्चला, हेच आकडे साधारण ५.३५ आणि ६.४५ होतात. पहिला रोजा सुमारे पावणेतेरा तासांचा, शेवटचा तेराच्या थोडा वर. नेमक्या मिनिटासाठी त्या भागातल्या मशिदीचं छापील वेळापत्रक घ्या. मुंबईचं किंवा मालेगावचं वेळापत्रक नाशिकला चालत नाही, तीन-चार मिनिटांचा फरक पडतो, आणि रोजा सोडताना एका मिनिटालाही मोल असतं.

आता आठवी-नववीतल्या मुलाचा दिवस मांडून पाहा. पहाटे पावणेपाचला उठायचं, सहेरी करायची, मग फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज. सकाळच्या सत्राची शाळा सव्वासातला भरत असेल तर पुन्हा अंथरुणाला पाठ लागत नाही. रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह, म्हणजे रमजानमधली जादा नमाज, असते. वीस रकात, म्हणजे नमाजची वीस आवर्तनं, होणाऱ्या मशिदीत साडेनऊ-दहा वाजतात. घरी येऊन झोपेपर्यंत अकरा. हाती राहते पावणेसहा तासांची झोप, आणि या वयाला आठ ते दहा तास लागतात. तिसऱ्या तासिकेला बाकावर डोकं टेकवणारा मुलगा भुकेने गळलेला आहे असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे त्याची झोप झालेली नसते. पहिल्या तीन-चार दिवसांत डोकेदुखीच्या तक्रारीही जास्त येतात. ज्या मुलांना सकाळी-दुपारी चहाची सवय आहे त्यांचा चहा एकदम बंद झालेला असतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हे आपोआप कमी होतं. तेव्हा पहिल्या आठवड्यावरून मुलाची पारख करू नका.

यातून शाळेसाठी निघणारी पहिली गोष्ट साधी आहे. गणित, विज्ञान, व्याकरण पहिल्या दोन तासिकांत घ्या. चित्रकला, कार्यानुभव, वाचन शेवटी ठेवा. घटक चाचणी पहिल्या तासिकेला. दुपारच्या सत्राच्या शाळांना, म्हणजे साडेबाराला भरून साडेपाच-पावणेसहाला सुटणाऱ्या शाळांना, हे अवघड जातं, कारण त्यांचा अख्खा दिवस अंगातला जोर उतरणीला लागल्यावर सुरू होतो. उर्दू माध्यमाच्या शाळा रमजानमध्ये वेळ बदलून घेतात, ती रीत जुनी आहे. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मिश्र शाळांना सत्र बदलता येईलच असं नाही. तासिकांची अदलाबदल मात्र मुख्याध्यापकांच्या हातात असते, आणि तिला एक पैसा लागत नाही.

अदलाबदल रमजान सुरू झाल्यावर करायची नाही. दोन आठवडे आधी करायची. उशीर झाला की प्रत्येक सवलत मुलाला मागावी लागते. "बाई, माझा रोजा आहे, मी पळू नको ना?" हे वाक्य एका अकरा वर्षांच्या मुलीला साठ मुलांसमोर म्हणावं लागलं, तर ती पुढच्या वेळी ते म्हणत नाही, गुपचूप पळते आणि मैदानात बसकण मारते. आज जे काही मी सांगणार आहे त्याचा रोख इतकाच आहे: मुलाने हात वर करायच्या आधी व्यवस्था जागेवर असावी.

मग रोजा कोणाचा आहे हे कळणार कसं? वर्गात उभं राहून "कोणाकोणाचा रोजा आहे, हात वर करा" हे कधीही विचारू नका. याचं एक कारण मुलींशी संबंधित आहे, ते जरा मोकळेपणाने सांगतो. पाळीच्या दिवसांत मुलगी रोजा धरत नाही आणि नमाजही पढत नाही. ते रोजे ती पुढे भरून काढते. आता काल जिचा रोजा होता तिला आज सरांनी विचारलं, "काय गं, आज नाही का?" तर तिने काय उत्तर द्यायचं? अनेक मुली त्या दिवसांतही रोजा असल्याचं दाखवतात आणि सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत, केवळ हा प्रश्न टाळण्यासाठी. पाळीत, पोट दुखत असताना, तहानलेली राहून. म्हणून नियम असा ठेवा: कोण खातंय, कोण नाही, यावर शिक्षकाने काहीच बोलायचं नाही. आणि एखादी खोली, मुलींची विश्रांती खोली असेल तर तीच, अशी असावी जिथे डबा उघडला तर कोणी पाहत नाही. ही जबाबदारी एका शिक्षिकेकडे द्या आणि मुलींना तिचं नाव माहीत असू द्या.

माहिती गोळा करायची ती चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी सगळ्या पालकांना पाठवा. फक्त मुस्लिम आडनावं निवडून पाठवू नका. तीन प्रश्न पुरतात. मुलाचा या महिन्यात रोजा किंवा उपवास असणार आहे का, रोज की अधूनमधून? मुलाला दमा, मधुमेह, फीट किंवा रोजचं औषध आहे का? दुपारी तब्येत बिघडली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? सगळ्यांना चिठ्ठी गेली की एकादशीवाली आणि जैन घरातली मुलंही त्यात येतात, आणि कोणाकडेही बोट दाखवलं जात नाही. उत्तरं वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि पोषण आहार पाहणारे शिक्षक या तिघांकडे राहतील. फळ्यावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती जाता कामा नयेत.

सगळ्यांचा रमजान एकाच दिवशी सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. दाऊदी बोहरा समाज ठरलेल्या गणिती पंचांगाने चालतो, त्यामुळे त्यांचा महिना आणि ईद बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी येते. एकाच वर्गातल्या दोन मुस्लिम मुलांनी वेगवेगळ्या दिवशी ईदची सुट्टी मागितली तर दोघंही खरं बोलत असतात.

रोजा कोणावर बंधनकारक आहे? वयात आलेल्यांवर. आजारी, प्रवासी, गरोदर, बाळाला पाजणारी बाई, थकलेली म्हातारी माणसं, यांना त्यातून सूट आहे, आणि आजारी व प्रवाशांची सूट तर कुरआनात रोज्याच्या आज्ञेला लागूनच आलेली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलावर रोजा नाही. पण मूल घरात सगळ्यांचं पाहून हट्ट धरतं. काही घरं त्याला दुपारपर्यंतचा अर्धा रोजा धरू देतात, त्याला लाडाने चिडिया रोजा म्हणतात. पहिल्या पूर्ण रोज्याचं कौतुक म्हणून रोजाकुशाईचा घरगुती समारंभ होतो, नवे कपडे, हार, पाहुणे. म्हणजे त्या मुलाच्या लेखी हा मोठा पराक्रम आहे. दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षकांनी पालकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावी: रोजा असो वा नसो, दहा वर्षांखालच्या मुलाच्या दप्तरात डबा आणि पाण्याची बाटली असलीच पाहिजे. साडेबाराला मुलाचा धीर सुटला तर त्याला मागायला लागू नये आणि त्याची थट्टाही होऊ नये. "बघा, मोडला याचा रोजा" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि मूल रोजा धरणार की नाही हे घर ठरवतं. शाळेने धरायला लावू नये आणि सोडायलाही लावू नये. ते आजारी दिसत असेल तर मात्र बोलायलाच हवं, त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडच्या शिक्षकांकडून एक चूक चांगल्या मनाने होते. आपल्या ओळखीचा उपवास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, केळं. त्यामुळे प्रेमाने म्हटलं जातं, "अरे, निदान पाणी तरी पी." रोज्यात पाणीही चालत नाही. असं दहा वेळा म्हटलं की मुलाला वाटतं, बाईंना आपलं करणं पटत नाहीये. दुसरी चूक उलट टोकाची. रोजेदार मुलांसमोर इतरांनी खाऊ नये म्हणून डबा खाणाऱ्यांनाच बाहेर पाठवलं जातं. तसं करायची गरज नाही. दुसरा जेवतोय म्हणून रोज्याला बाधा येत नाही. मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवा, ज्याला जावंसं वाटेल तो जाईल, सोबत मित्रही जातील. तिथे कॅरम-बुद्धिबळ असेल तर आणखी बरं. वाढदिवसाच्या गोळ्या-चॉकलेटं हातात द्या, दप्तरात ठेवून घरी नेता येतात. जागच्या जागी खाऊन दाखवायला लावू नका.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार घडते: ती सारखी थुंकतात. थुंकी गिळली तर रोजा तुटतो अशी त्यांची समजूत झालेली असते. शिक्षक ओरडतात, मूल रडकुंडीला येतं, आणि तोंड कोरडं पडून तहान आणखी वाढते. स्वतःची लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही. हे मुलाला घरच्या मोठ्यांनी सांगितलं की थुंकणं एका दिवसात बंद होतं, म्हणून ओरडण्याऐवजी पालकांना निरोप द्या. दुपारनंतर तोंडाला येणारा वास हीसुद्धा पोट रिकामं असल्याची खूण आहे, अस्वच्छतेची नव्हे. त्यावरून चिडवणं सुरू झालं तर गप्प बसू नका.

आता पोषण आहाराकडे येतो, कारण इथे कागदाचा प्रश्न आहे. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. दोनशे पटाच्या प्राथमिक शाळेत चाळीस मुलांचे रोजे असतील तर रोज चार किलो तांदूळ जास्तीचा शिजतो आणि टाकला जातो. तो वाचवायचा उपाय असा. सकाळी हजेरी घेतानाच वर्गशिक्षकाने जेवणाऱ्यांचा आकडा स्वयंपाकघरात कळवायचा, फक्त आकडा, नावं नाहीत. आदल्या दिवशीचा आकडा गृहीत धरू नका, कारण लहान मुलांचे रोजे रोजचे नसतात. आणि नोंद जेवलेल्यांचीच करा. हजर असलेलं पण न जेवलेलं मूल लाभार्थी म्हणून चढवलं की तांदळाचा साठा आणि वही यांचा मेळ महिनाअखेरीला बसत नाही, आणि तपासणीत प्रामाणिक माणूस अडकतो. अंदाजापेक्षा पाच-सहा मुलांचं जास्त शिजवा. बाराला ज्याचा धीर सुटेल त्याच्यासाठी खिचडी शिल्लक असली पाहिजे.

यापेक्षा नाजूक बाब गोळ्यांची आहे, आणि तिचा विचार फार कमी शाळा करतात. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहा ते एकोणीसला निळी. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते, जेवणानंतर घ्यायची असते, नाहीतर मळमळ, पोटात कळ, उलटी. गोळी समोर खाऊन दाखवायची असा दंडक असल्यामुळे रोजेदार मुलीसमोर दोनच वाटा उरतात. ती गोळी घेते आणि रोजा तुटतो, वर उपाशीपोटी घेतल्याने उलटी होते. किंवा जिभेखाली धरते आणि बाहेर जाऊन टाकते, आणि आपल्या वहीत "दिली" असं लिहिलेलं राहतं. दोन्ही वाईट. या चार-पाच गोळ्यांबद्दल आरोग्यसेविकेशी आधी बोलून घ्या. पालकांच्या हाती द्यायच्या, इफ्तारनंतर, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडल्यावर, जेवण झालं की तासाभराने पाण्याबरोबर घ्यायच्या, दुधा-चहाबरोबर नाही, आणि पालकांनी तारखेसह सही करून कागद परत पाठवायचा.

जंतनाशक गोळीचंही तसंच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राज्यात प्रत्यक्ष दिवस मागेपुढे होतो, पण २०२७ मध्ये १० फेब्रुवारी म्हणजे दुसराच किंवा तिसराच रोजा. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चघळून खायची असते. चुकलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी ठेवलेला दुसरा दिवसही रमजानमध्येच येतो. तेव्हा ज्यांचा रोजा आहे त्यांची संख्या आरोग्य विभागाला आधी कळवा आणि ईदनंतरचा एक दिवस मागून घ्या. मुलाच्या तोंडात गोळी घालून "चघळ" म्हणण्याची वेळ कोणावर येऊ नये. शाळेतल्या लसीबद्दल बहुतेक आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, मत असं की इंजेक्शनने रोजा तुटत नाही. तरी पालकांना आधी विचारा, कारण लस टोचल्यावर मुलाला घेरी आली तर पाणी पाजावं लागतं.

तब्येत बिघडली तर काय? इथे संकोच बाजूला ठेवा. मूल घामाघूम झालं, थरथरायला लागलं, बोलणं विस्कळीत झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सावलीत आडवं करा, पाय वीतभर उंच करा, कॉलर आणि पट्टा सैल करा. शुद्ध असेल तर पाणी द्या, घोटाघोटाने. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. पालकांना फोन जरूर करा, पण पाणी देण्यासाठी त्यांच्या परवानगीची वाट पाहू नका. जीव धोक्यात असताना रोजा सोडण्याची मुभा धर्मातच आहे, तो एक रोजा नंतर भरून काढता येतो. मुलाला हेच शब्द सांगा: "हा रोजा तू पुढे भरून काढशील, आत्ता पाणी पी." अनेक मुलं अपराधी वाटून तोंड मिटून घेतात. वर्गात मुस्लिम शिक्षिका किंवा सेवक असेल तर त्यांच्या तोंडून हे ऐकलं की मूल लवकर ऐकतं.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांनी रोजा धरायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरायला हवं, आणि शाळेकडे ते लेखी हवं. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे मुलालाही माहीत असावं, कारण त्या भीतीने मुलं तपासणी टाळतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य आकडा आहे. कमी झाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. ७० च्या वर आल्यावर पोळी किंवा बिस्किटं. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या खिशात हवा, कार्यालयातल्या कपाटात नको. धाप लागली असताना पंप घ्यायचा की नाही ही चर्चा करायची नसते.

मैदानावर काय? परिपाठ वीस-पंचवीस मिनिटांचा असतो आणि उभं राहून होतो. फेब्रुवारीत नाशिकची सकाळ गार असते, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारचं ऊन चांगलंच तापतं. परिपाठ सगळ्यांसाठीच सावलीत घ्या, म्हणजे रोजेदार मुलांना वेगळं बसवावं लागत नाही. खेळाची तासिका ऊन तापायच्या आधी आणा. पळणं, कबड्डी, दोरीउड्या नकोत. नेमबाजीचे खेळ, योगासनं, गुण लिहिणं, पंचगिरी चालेल. स्पर्धेच्या संघातल्या मुलाला घरी बसवू नका. सराव अर्ध्यावर आणा आणि शक्य असेल तर तो इफ्तारच्या आधीच्या तासात हलका घ्या, कारण सराव संपताच पाणी मिळतं. प्रयोगशाळेत तोंडाने पिपेट ओढणं एरवीही चुकीचंच आहे. रोज्यात तर द्रव तोंडात जाण्याच्या भीतीने मूल अर्धवट ओढतं आणि मापन चुकतं. रबरी फुगा वापरा.

जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची, वेळ फेब्रुवारीत पावणेएकनंतर सुरू होते आणि दुपारच्या सुट्टीत सहज बसते. चार रकात फर्जला, म्हणजे सक्तीच्या भागाला, पाच-सात मिनिटं, सुन्नत म्हणजे जोडीच्या रकातींसह पंधरा. असरची, म्हणजे त्यानंतरच्या नमाजची, वेळ हनफी मुलांसाठी पाचच्या सुमारास येते, शाफई मुलांसाठी चारनंतरच; हे सुन्नी मुसलमानांचे दोन धर्मशास्त्रीय पंथ आहेत. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, तेव्हा कोकणीपुऱ्यातली मुलं आधी निघतात म्हणून गैरसमज नको. जागा म्हणाल तर एक रिकामा वर्ग, झाडलेली फरशी, चटई. किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, नाशिकहून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, बेसिन वापरला की पाणी सांडतं, कोणीतरी घसरतं आणि मग वजूवरच बंदी येते. बाहेरचा खालचा नळ, एक स्टूल, दोन तांबे आणि पायपुसणं एवढ्याने ते टळतं. तांब्याने केलं तर एका मुलाला लिटरभर पाणी पुरतं. शाळेने नमाज घडवून आणायची नाही, फक्त ज्याला पढायची त्याला अडवायचं नाही. कोणालाही धार्मिक उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात आहे. ते मुस्लिम मुलालाही लागू आहे, ज्याला पढायची नाही त्यालाही. शुक्रवारच्या जुम्याच्या सामूहिक नमाजसाठी बाहेर जायचं असेल तर पालकांचं महिन्याचं एकच पत्र घ्या, दर शुक्रवारी नवं नको, आणि परत यायची वेळ त्यात लिहून घ्या.

बोर्डाच्या परीक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलू. २०२४ पासून दहावी-बारावीचे पेपर आणि रमजान एकमेकांत शिरले आहेत, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, म्हणजे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षाही त्यात सापडतील. सकाळचा पेपर अकरा ते दोन, वर दहा मिनिटं, आणि मुलं साडेदहाला केंद्रावर. पेपर जड जात असेल तर त्या दिवशीचा रोजा धरायचा की नंतर भरून काढायचा हा प्रश्न घरचा आहे. त्यावर आलिमांची मतं एकसारखी नाहीत, शिक्षकाने फतवा देऊ नये. शिक्षकाच्या हातातलं आहे ते हे. सराव परीक्षा रमजानच्या आधी संपवा. पेपरच्या आदल्या रात्री दहाला झोपायला सांगा. तरावीह घरी पढता येते, लहान करता येते, हे पालकसभेत एखाद्या इमामसाहेबांच्या तोंडून आलं तर त्याचा फरक पडतो. पेपरच्या पहाटे पुस्तक उघडण्यापेक्षा फजरनंतर दीड तास झोप जास्त कामाची. शुक्रवारी पेपर आला तर जुम्याच्या वेळेशी टक्कर होते. मुलाने ऐनवेळी गोंधळू नये म्हणून वेळापत्रक हाती येताच पालकांनी इमामसाहेबांशी बोलून घ्यावं.

दुपारचा पेपर तीन ते सहा, वर दहा मिनिटं. मूल सहा-दहाला सुटतं आणि साडेसहा-पावणेसातला इफ्तार. केंद्र पंचवटीत आणि घर वडाळा गावात असेल तर द्वारकेच्या चौकातच मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, अजान होते. अशा मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली आणि तीन-चार खजूर असले पाहिजेत, आणि सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्यानेही रोजा सोडता येतो हे त्याला माहीत असलं पाहिजे. केंद्रावर पाण्याची बाटली पारदर्शक हवी, खजूर दप्तरासोबत बाहेर राहतील. क्लासवाल्यांनाही हीच विनंती: सहा ते आठच्या वर्गात सूर्यास्ताला दहा मिनिटं सोडा. दहा मिनिटांत पाणी, खजूर आणि मगरिबच्या तीन रकात होतात.

पालकसभेत जेवणाबद्दल एवढंच सांगा. सहेरीला भाकरी, डाळ, दही, अंडं, केळं असं सावकाश पचणारं हवं. लोणचं, पापड, खारं आणि तळलेलं दुपारी तहान वाढवतं. सहेरी न करता झोपून राहणारं मूल दुपारी हमखास कोसळतं, म्हणून झोपेपायी सहेरी सोडू नका. पाणी एकदम तांब्याभर न पिता वाटून प्यायचं: इफ्तारला दोन ग्लास, नमाजनंतर एक, जेवणाबरोबर एक, तरावीहच्या आधी-नंतर एकेक, सहेरीला दोन. पाव लिटरचा ग्लास धरला तर दोन लिटर होतात. इफ्तारला आधी भजी-समोसे आणि मग पाणी असा क्रम झाला की पोट जड होतं, पाणी मागे राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब वर्गात चुकता होतो.

सुट्ट्यांचं. ईद सरकारी सुट्टी आहे, पण चंद्र दिसला नाही तर ती एक दिवस पुढे जाते. ईदच्या संभाव्य तारखेच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस चाचणी, सहल, पालकसभा काहीही ठेवू नका. शहाजहानी ईदगाहवर नमाज सकाळीच होते, तरी त्या दिवशी आणि बासी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. शेवटच्या दहा रात्रींत, त्यातही सव्विसाव्या रोज्यानंतरच्या सत्ताविसाव्या रात्रीला, मुलं पहाटेपर्यंत जागतात. दुसऱ्या दिवशी हजेरी कमी दिसेल. त्या दिवशी नवा धडा सुरू करू नका, उजळणी घ्या.

आणि खेळाच्या शिक्षकांना एक शेवटचं सांगायचं आहे. ईद झाली की तुमच्याकडची यादी फाडू नका. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात अनेक घरांत सहा ऐच्छिक रोजे धरतात, आणि ज्या मुलींचे पाळीमुळे राहिले त्या ते त्यानंतर भरून काढतात. हे रोजे कोणी जाहीर करत नाही, शाळेत कसलीच सवलत नसते, आणि २०२७ मध्ये ते मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, म्हणजे नाशिकचं ऊन ऐन भरात आल्यावर, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पडतील. त्या दिवसांत पळताना एखादी मुलगी कडेला थांबली तर कारण विचारू नका, शिट्टी तिच्या हातात द्या.